भरतीची तयारी, मे महिना आणि घामाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातला एकवीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. शिकायला पुण्यात होता, एप्रिलच्या शेवटी गावी आला. तिकडे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचा, इथे सहा मिनिटं होऊन जातात. प्रशिक्षक सरावात पाण्याला हात लावू देत नाहीत. घरचे म्हणतात दिवसाला सहा लिटर पी. मित्र मिठाच्या गोळ्या सांगतोय. पाणी प्यायलं की लगेच लघवीला होते आणि अर्ध्या तासात पुन्हा घसा कोरडा. बनियनवर पांढरे पट्टे उमटतात. आणि गेल्या आठवड्यात संध्याकाळी पाच वाजता, सोळाशेच्या तिसऱ्या फेरीत (एक फेरी म्हणजे पूर्ण सोळाशे मीटर), सोबतचा एक मुलगा मैदानात पडला. ‘पाणी कमी प्यायला म्हणून पडला’ असं सगळ्यांचं मत पडलंय.

भाऊ, तुला अरे-तुरे करतो, माझ्या मुलाएवढा आहेस. भुसावळला माझा दवाखाना आहे आणि गेली अठरा वर्षं मी पहाटे भरतीच्या पोरापोरींसोबत मैदानावर असतो. पुस्तकात शिकलो त्यातलं निम्मं मला त्या मैदानावर नव्याने शिकावं लागलं.

मैदानात पडलेल्या तुझ्या मित्रापासूनच सुरू करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. अंग तापणं आणि अंग सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाती दोन, पासबुकं दोन. एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो हे खरं, पण एकात पैसे भरले म्हणून दुसऱ्याचं कर्ज फिटत नाही. तुझा मित्र बहुतेक तापून पडला, आणि सगळे त्याच्या पाण्याचा हिशेब मांडत बसले.

वजन साठ किलो धरू. सपाट जमिनीवर पळताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोच्या पोराला सोळाशे मीटरला जवळपास शंभर. स्नायू म्हणजे काही फार चांगलं इंजिन नव्हे. त्यातला फार तर पाव हिस्सा कामी येतो, बाकीची पाऊण ऊर्जा नुसती उष्णता होऊन अंगातच राहते. झाल्या पंचाहत्तर किलोकॅलरी. आता साठ किलोचं शरीर एक अंशाने तापायला पन्नास किलोकॅलरी पुरतात. म्हणजे अंगातून काहीच बाहेर गेलं नाही असं धरलं, तर एका सोळाशेत दीड अंश. ३७ चं साडेअडतीस. मध्ये निवायला वेळ न देता तीन फेऱ्या मारल्या तर साडेचार अंश, म्हणजे साडेएक्केचाळीस. चाळीसच्या वर मेंदू बिघडायला लागतो.

अर्थात शरीर हातावर हात ठेवून बसत नाही, उष्णता बाहेर टाकत राहतं. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन मिनिटं, बाहेर बेचाळीस अंश, पायाखाली दिवसभर तापलेली जमीन. अशा वेळी आवक जावकेच्या पुढे पळते. आणि तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या अंगातून पाणी गेलं असेल फार तर पाऊण लिटर. साठ किलोमध्ये हा सव्वा टक्का होतो. सव्वा टक्क्याने माणूस असा आडवा होत नाही. त्याने सरावाआधी दोन लिटर पाणी पोटात ओतलं असतं, तरी त्या संध्याकाळी तो कदाचित पडलाच असता.

आता शरीर निवतं कसं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तुमच्याकडे नवी घागर भरली असेलच. त्या घागरीकडे नीट बघ, म्हणजे मला शरीरशास्त्राचा तास घ्यावा लागणार नाही. पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं, उडून जातं, आणि उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपली कातडी तेच करते. अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. तासाला दहा किलोमीटर या वेगाने पळणाऱ्या साठ किलोच्या माणसाच्या अंगात तासाभरात ४५० तरी किलोकॅलरींची उष्णता तयार होते, बाहेरच्या उन्हाची वेगळीच. म्हणजे तासाला लिटरभर घाम नीट वाळला तर हिशेब जमतो.

‘वाळला तर’ हे महत्त्वाचं. हनुवटीवरून टपकलेला घाम फुकट गेला. सारखं टॉवेलने पुसून काढलेलाही फुकटच. पोरं दर फेरीनंतर खसाखसा अंग पुसतात, त्यांना मी सांगतो, डोळ्यात जातोय तेवढा पुसा, बाकी राहू द्या.

१७७४-७५ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या मित्रांनी एक खोली तापवून स्वतःलाच आत कोंडून घेतलं होतं. एकदा तर ती खोली २६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२७ सेल्सियसपर्यंत तापवली. त्या खोलीत अंडी वीस मिनिटांत भाजून कडक झाली, मांसाचा तुकडा शिजला. ब्लॅग्डेन आठ मिनिटांनी चालत बाहेर आला. हवा कोरडी होती आणि घाम वाळत होता, एवढंच त्याचं रहस्य. तीच हवा दमट असती तर तो त्या मांसाच्या तुकड्याशेजारी दिसला असता.

इथेच खान्देश आणि मुंबईचा फरक येतो, आणि तो लोकांना उलटा वाटतो. जळगावला मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंश आणि हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण बावीसवर उतरतो. मुंबईत बत्तीस अंश आणि आर्द्रता पंचाहत्तर टक्के असेल, तर तोच थर्मामीटर अठ्ठावीसच्या खाली जायला तयार नसतो. म्हणजे आपली घागर तिकडच्यापेक्षा सहा अंश जास्त गार होऊ शकते. आपल्या पत्र्याच्या कूलरसमोर मुंबईचा पाहुणा कुडकुडतो आणि तोच कूलर तो मुंबईला घेऊन गेला तर नुसती दमट हवा फेकतो, ते याच कारणाने. सावलीत बसलेल्या निरोगी माणसाला आपली कोरडी हवा तशी दयाळूच आहे.

पण ती किंमत वसूल करते, आणि तीही गुपचूप. कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याच्या वर गेली की वारा लागून निवण्याचा रस्ता बंद होतो, उलट वारा अंगात उष्णता भरतो. आपण झळा म्हणतो त्या याच. मग उरतो फक्त घाम. तो आपल्याकडे इतका झटपट वाळतो की अंग ओलं झाल्याचं कळतच नाही. ठाण्याचा पोरगा पळून आला की पिळून काढल्यासारखा दिसतो, म्हणून तो पाणी पितो. आपला पोरगा कोरडाठाक दिसतो आणि म्हणतो, ‘सर, मला घामच येत नाही.’ त्याच्या बनियनवरचे पट्टे बघायचे. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. तुझे पांढरे पट्टे म्हणजे त्या पाण्याची पावती आहे.

एक सावधगिरीचं सांगतो. मला मैदानावर मे महिन्यापेक्षा जूनच्या पहिल्या पंधरवड्याची जास्त धास्ती वाटते. पाऊस एकदा शिंपडून जातो, पारा छत्तीसवर येतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि प्रशिक्षक सरावाचा जोर वाढवतात. पण घरातला कूलर त्याच दिवसापासून निकामी झालेला असतो. कूलर ज्या दिवशी गार हवा देईनासा होतो, त्या दिवशी तुझी कातडीही तुला नीट गार करू शकत नाही. त्या दिवसांत वेग कमी करायचा आणि दोन फेऱ्यांमधली विश्रांती दुप्पट करायची. कूलरइतकं स्वस्त आणि खरं बोलणारं यंत्र दुसरं नाही.

आता तुझी साडेपाचाची सहा मिनिटं का झाली ते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे. आतलं रक्त किती तापलंय आणि कातडी काय सांगतेय हे तो सतत बघतो. तापमान वर सरकलं की दोन हुकूम सुटतात. घाम सोडा, आणि कातडीकडे रक्त पाठवा. एरवी कातडीला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त जातं, कडक उन्हात ते सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. पण रक्त आहे तेवढंच, आणि हृदय एक. मांड्या म्हणतात आम्हाला दे, कातडी म्हणते मला दे. त्यात घाम बनतो रक्तातल्याच पाण्यातून, म्हणजे एकूण रक्त आणखी कमी. हृदयात दर ठोक्याला कमी रक्त भरतं, म्हणून ठोके वाढतात. पुण्यात ज्या वेगाला तुझी नाडी १६५ असेल, त्याच वेगाला इथे ती १८० दाखवेल. तुझे पाय ढिले पडलेले नाहीत, त्यांच्या वाट्याचं रक्त कातडी घेऊन गेलीय.

हे सुधारतं, आणि फार चांगलं सुधारतं. रोज तासभर उष्णतेत हलका सराव केला तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं आणि नाडी खाली येते. मग घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त सुटतो. हो, जास्त. ‘सवय झाली की घाम कमी येतो’ हा समज साफ उलटा आहे. कमी होतं ते घामातलं मीठ. घामाची ग्रंथी आधी खारट पाणी बनवते आणि ते वर नळीतून येताना मीठ परत शोषून घेते. सवय झाली की ही वसुली कडक होते. मी पोरांना एकच गडद रंगाचा बनियन ठेवायला सांगतो. तिसऱ्या आठवड्यात त्यावरचे पट्टे फिके पडले की समजायचं, अंग इथलं झालं.

तुझ्या बाबतीत धोका हाच होता. पुण्याहून आलास आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीने पळालास. मैदानावर पडणारी पोरं मी बघितली त्यांतली बरीच गावात नवी आलेली, नाहीतर आजारपणातून उठून पहिल्या आठवड्यात पळालेली. जुलाब, ताप, रात्रभराचं जागरण, वरातीतलं नाचणं, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या (त्यातल्या काही घाम अडवतात), यापैकी काहीही असेल तर त्या दिवशी नुसतं चालायचं. चरबी जाळणाऱ्या म्हणून विकतात त्या पुड्यांच्या नादी लागू नकोस. आणि वजन उतरवायला प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणारे आपल्या तालमीतही आहेत. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन कॉलेजचे पहिलवान वजन उतरवताना मेले, ते असेच घाम कोंडणारे कपडे घालून गरम खोलीत व्यायाम करत होते. घागरीला प्लास्टिक गुंडाळून पाणी गार कर म्हणण्यासारखं आहे ते.

पाणी किती, याकडे येतो. सहा लिटर, चार लिटर असा आकडा कुणीही सांगितला तरी ऐकू नकोस, माझाही नको. घाम माणसागणिक वेगळा. तासाला अर्धा लिटर गाळणारे आहेत आणि दोन लिटर गाळणारेही आहेत. तुझा आकडा तुलाच काढावा लागेल, आणि त्याला लागतो फक्त वजनकाटा. तुमच्या भागात केळीच्या वखारीत अचूक इलेक्ट्रॉनिक काटा सहज मिळेल, ओळखीच्या माणसाला विचार.

आमच्याकडच्या एका पोराचा हिशेब देतो. सरावाआधी लघवी करून, फक्त चड्डीवर, वजन ५८.४ किलो. तासभर सराव. मध्ये बाटलीतून ४०० मिलिलिटर पाणी प्यायला, लघवीला गेला नाही. नंतर अंग कोरडं करून पुन्हा वजन, ५७.३. वजन घटलं १.१ किलो, म्हणजे १.१ लिटर. प्यालेले ४०० त्यात मिळवले की घाम दीड लिटर. वजनाच्या मानाने तूट दोन टक्क्यांच्या थोडी आत. दोन टक्क्यांपर्यंत माणूस तग धरतो. त्यापुढे पळण्यावर परिणाम दिसायला लागतो, नाडी चढते आणि अंग लवकर तापतं. इथे दोन्ही खाती एकमेकांना भिडतात, कारण रक्त आटलं की कातडीला जायला रक्तच उरत नाही. त्या पोराला मी तासाला ५००-६०० प्यायला सांगितलं, चार-पाच वेळा थोडं थोडं. सगळं भरून काढायचं नसतं. जठरही तासाला लिटरच्या आसपासच पुढे ढकलू शकतं, त्याहून जास्त ओतलं की ते पोटात डुचमळत राहतं.

तुझी एक सोळाशेची चाचणी असेल तर मध्ये पाण्याची काहीच गरज नाही. तेवढ्यापुरतं तुझ्या सरांचं बरोबर आहे. तासभराचा सराव उन्हाळ्यात बिनपाण्याचा घेणं मात्र चूक आहे. ‘पाणी प्यायलं की दम तुटतो’ ही जुन्या तालमीतली समजूत, ती कुठून आली हे कळतं. गटागटा तांब्याभर प्यायलं तर कळ येणारच. दोन घोटांनी कुणाचा दम तुटल्याचं मी बघितलेलं नाही.

मग प्यायल्यावर लगेच लघवी का होते आणि पुन्हा तहान का लागते? रक्ताचा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला की मेंदूला कळतं. तो तहान लावतो आणि मूत्रपिंडांना एका संप्रेरकाकरवी कळवतो की पाणी सोडू नका. तू एका दमात लिटरभर साधं पाणी प्यालास. घसा ओला होताच मेंदूने अर्धा हुकूम मागे घेतला, पाणी रक्तात पोचायच्या आधीच. मग ते रक्तात आलं आणि रक्त पातळ झालं. मेंदूला वाटलं भरपूर झालं, त्याने मूत्रपिंडांचं दार उघडलं आणि तुझं पाणी शेताच्या बांधावर गेलं. अंगातली तूट तशीच. पाणी धरून ठेवायला मीठ लागतं, आणि तुझं मीठ बनियनवर आहे.

उपाय अगदी घरगुती. सरावानंतर जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, पण तीन-चार तासांत, थोडं थोडं, आणि मिठाच्या जेवणासोबत. भाकरी, ठेचा, वरण, मीठ घातलेलं ताक. कैरीचं पन्हं तर फारच उत्तम, त्यात साखरही आहे आणि मीठही. आतड्याच्या पेशीत साखर आणि मिठातलं सोडियम हात धरून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांची छावणी सीमेवरच्या बनगावला होती. तिथे पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. आज मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर चालते.

पुडी घ्यायचीच तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, लिटरभर पाण्यात एक, तीच बघून घे. तशाच रंगाच्या डब्यांत नुसतं साखरेचं सरबतही विकलं जातं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा छोटा. चव अश्रूंइतपत खारट, त्याहून जास्त नको. पण हे दीड-दोन तासांच्या मोठ्या सरावाला किंवा पट्टे फार उमटणाऱ्यांना. रोजच्या तासाभराला जेवणातलं मीठ पुरतं. मिठाच्या गोळ्या नकोत, पोटात मळमळ आणि वर तहान. उसाचा रस पळताना नको, इतकं गोड पोटात रेंगाळतं.

केळ्याचं विचारलेलं नाहीस, पण आपल्याकडे कुणीतरी सांगणारच की पेटके येतात म्हणून केळी खा. चोपड्या-रावेरच्या माणसासमोर हे बोलायची हिंमत करतो. घामातून पोटॅशियम अगदी थोडं जातं, जातं ते मुख्यतः सोडियम, आणि ते केळ्यात जवळपास नाहीच. केळं खा, जरूर खा, ताकदीसाठी चांगलं आहे. मीठ मात्र ताकातून घे. आणि खिशातला कांदा खिशात काहीच करत नाही. भाकरीसोबत मीठ लावून खाल्लास तर निदान मीठ तरी पोटात जाईल.

आता जास्त पाण्याचं. मी स्वतः ही चूक केलीय. काही वर्षांपूर्वी पोरींच्या तुकडीच्या मागे लागलो होतो, ‘पाणी प्या, पाणी प्या’. एकीने शब्द प्रमाण मानला. अडीच तासांच्या सरावात ती बाटलीमागून बाटली रिचवत राहिली. नंतर डोकं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या, आणि मला म्हणाली, ‘सर, डोकं फिरी राहिनं.’ मला वाटलं ऊन लागलं. सलाईनची तयारी करायला सांगितलं. सुई लावायला हात धरला तर बोटातली अंगठी मांसात रुतलेली, फिरेना. सकाळी सैल होती म्हणाली. काट्यावर उभं केलं, तर वजन सकाळपेक्षा सहाशे ग्रॅमने जास्त. पळून वजन वाढलं! पाणी थांबवलं, रक्त तपासायला पाठवलं, सोडियम १२८ आलं. नॉर्मल १३५ च्या वर. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो, आणि त्याला कवटीत सुजायला जागा नसते. ती वाचली, दोन दिवसांत घरी गेली. मी त्या दिवसापासून ‘पाणी प्या’ असं नुसतं म्हणणं सोडलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ धावकांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या तेरा टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली होतं. त्यातही सगळ्यात जास्त धोका होता तो पळता पळता वजन वाढलेल्यांना. सरावानंतर वजन वाढलं असेल तर तू जास्त प्यायलास, यात दुसरं मत नाही.

शेवटी, पडलेल्या पोराचं काय करायचं. हे प्रशिक्षकांना वाचायला दे.

पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, उगाच चिडला, झोकांड्या खायला लागला, तर ऊन लागलं हेच धरायचं. ‘अंग कोरडं असेल तरच उष्माघात’ हे घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना लागू पडतं. पळणारा पोरगा घामाने भिजलेला असतानाही उष्माघातात असू शकतो. काखेतल्या थर्मामीटरवर भरवसा नको. काख घामाने निवलेली असते, तो सदतीस-अडतीस दाखवेल आणि आत एक्केचाळीस असेल. खरं तापमान गुदद्वारातूनच कळतं, तेही दवाखान्यात. म्हणून मोजत बसायचं नाही.

१०८ ला एकाने फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला पाण्यात घालायचं. आपल्याकडे मैदानाला लागून शेत असतं. हौद असेल तर हौदात गळ्यापर्यंत, डोकं दोघांनी धरून. नाहीतर ताडपत्रीचे चार कोपरे धरून झोळी करा, त्यात त्याला ठेवा आणि मोटार चालू करून विहिरीचं पाणी सोडा, बर्फ मिळाला तर टाका. पाणी हाताने ढवळत राहायचं, नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होऊन तिथेच थांबतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर पोरगा वाचतो. गाडीत घालून चाळीस मिनिटं जळगावच्या रस्त्याला लागणं आणि वाटेत त्याला तापत ठेवणं, हे मी दोनदा बघितलंय. एकदा उशीर झाला होता.

शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी द्यायची नाही. तापात मेंदू स्वतःच काटा वर सरकवतो, गोळी तो खाली आणते. इथे काटा जागेवरच आहे, अंग त्याला न जुमानता तापलंय, गोळी काय करणार? उलट यकृत-मूत्रपिंडावर बोजा. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन पळणाऱ्यांनाही हेच सांगतो. आणि पुढच्या दोन दिवसांत लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना, स्नायू फुटून मूत्रपिंडात अडकलेत असं समजायचं. तुझ्या मित्राला हे विचारून घे. तो परत पळायला लागला असेल तर आधी थांबव. असा माणूस तपासण्या नॉर्मल येईपर्यंत मैदानावर नको, आणि नंतर पुन्हा पहिल्या दिवसापासून, हलक्या चालण्याने.

वेळेचं म्हणशील तर पहाट. साडेपाचला आपल्याकडे पारा सत्तावीस-अठ्ठावीसवर असतो, जमीन रात्रभर निवलेली असते. संध्याकाळी पाचला ऊन कललेलं दिसतं, पण बेचाळीस अंश हवेत आहेत आणि मैदान दिवसभराचं ऊन पायाला परत देतं. पहाटे वेगाचा सराव, आणि संध्याकाळी सातनंतर फक्त हलकं पळणं, अंगाला उष्णतेची सवय राहण्यापुरतं. पहिले पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटं, मग रोज पाच-सात मिनिटांनी वाढव. सोळाशेच्या दोन फेऱ्यांत निदान दहा मिनिटं, सावलीत, मानेवर आणि हातांवर ओला गमछा टाकून.

सकाळचं आणि सरावानंतरचं वजन आठ दिवस वहीत लिही, सोबत किती प्यायलास तेही. तो कागद इथे टाक, आकडा मी काढून देतो.